थंडीच्या खोलीत फक्त खोटं

"टाकी मागच्या दाराला न्या. इथे नाही. आणि फरशीवरून ओढू नका, ओरखडे पडतात."

हे तिने मान वर न करता सांगितलं, तिथेच ती चुकली. कारण दारात उभा होता तो टाकीवाला नव्हताच. टाकीवाला टाकी उंबऱ्याशी ठेवून कुठेतरी चहा प्यायला गेला होता. टाकीशेजारी जो उभा होता, त्याच्या खांद्यांना दाराची चौकट पुरत नव्हती.

त्याने टाकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... मिटलं. एरवी दोन माणसं धापा टाकत आणायची ती टाकी त्याने लहान मूल कडेवर घ्यावं तशी उचलली, इमारतीला वळसा घालून मागच्या दारी ठेवली आणि परत येऊन होता तिथेच उभा राहिला.

"आता काय? शाबासकी देऊ?" ती म्हणाली.

एवढ्यात त्याच्या मागून कोच आले. त्यांना सगळे सर म्हणत. "अगं हुडहुडी, हा आपला नवा गोळाफेकवाला. खांदा सुजलाय त्याचा, रोज तुझ्या खोलीत घाल. आणि... काय रे, तुला घाम कशाने आला एवढा?"

तिचे कान लाल झाले. "टाकी उचलली त्यांनी... मी सांगितलं म्हणून."

"दुखऱ्या खांद्याने?" सर ओरडले.

"डाव्याने," तो माणूस म्हणाला. हा त्याचा पहिला शब्द.

"अहो, मग मी टाकीवाला नाही, एवढं सांगायला काय झालं होतं?" ती उसळली.

तो जरा विचारात पडला. "तुम्ही... विचारलं नाही."

घ्या. अशांशी बोलायचं तरी काय?

मुलगी तोंडाची तिखट होती, ते मात्र खरं. खेळाडूंच्या या केंद्रात थंडीची खोली तिच्या ताब्यात. खोली कसली, टाकीतल्या गार वायूवर चालणारं पोलादी कपाटच, आत दोन माणसं जेमतेम फेरी मारतील एवढं. पण थंडी अशी, की साधा बर्फ तिच्यापुढे उबदार वाटावा. धावून धावून ज्यांच्या पोटऱ्यांचे गोळे झाले, फेकून फेकून ज्यांचे खांदे सुजले, त्यांनी अंगावर चड्डी, पायात लोकरी मोजे, हातात मोजे, कानांवर पट्टी एवढंच चढवून आत जायचं. मोजून तीन मिनिटं. पहिल्या मिनिटाला माणूस हसतो, दुसऱ्याला देव आठवतो आणि तिसऱ्याला आपण कोण हेही आठवेनासं होतं. मग दार उघडलं की पांढऱ्या धुक्याचा लोट बाहेर येतो आणि त्या धुक्यातून माणूस... लालबुंद, पापण्यांवर हिमकण आणि चेहऱ्यावर असं खुळं हसू, की आताच कोणी त्याला राजा केलंय. दुखणं गेलेलं असतं कुठल्या कुठे. सूज उतरते, दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा मैदानात.

पोरं आत जाताना हुडहुडत जायची, म्हणून तिचं नाव हुडहुडी. ती काही रागवायची नाही. रागवायची ती दोनच गोष्टींसाठी. एक, ओलं काही आत न्यायचं नाही. घाम नको, ओला मोजा नको, ओले केस तर मुळीच नकोत, ओलं असेल तिथे थंडी चावते. आणि दुसरं, आत असेतोवर बोलत राहायचं. ती काचेबाहेर माइकवर, खेळाडू आत. ती विचारणार, त्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस शुद्धीत आहे. नाही आलं, की दार उघडलं.

आणि तिथेच त्या डोंगराचं घोडं अडलं. होय, पोरांनी त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी डोंगर ठेवलं होतं.

"कसं वाटतंय?" ती माइकवर.

"..."

"अहो, कसं वाटतंय?"

त्याने नुसती मान हलवली.

"मान नको, आवाज हवा."

"बरं," तो म्हणाला. आणि मग पुन्हा तोंडाला कुलूप.

मग दुसरं मिनिट सरायच्या आत तिला दार उघडावं लागायचं. रोज. तो रोज धुक्यातून बाहेर यायचा, ओशाळा, एवढा मोठा देह आणि चेहरा फुलदाणी फोडलेल्या पोरासारखा. आणि खांदा रोज सुजलेलाच.

शेजारच्या टॉवेलखोलीत तिची आई होती. धुलाईची सगळी सत्ता आईच्या हातात. केंद्रात टॉवेल मागायला सरसुद्धा हळू आवाजात यायचे. माइकच्या भोंग्यातलं बोलणं तिकडे स्पष्ट ऐकू जायचं. आई म्हणायची, "या डोंगराला आपला टॉवेल अर्ध्या पाठीलाही पुरत नाही. आणि बोलणं तर त्याहून तोकडं."

आठवड्यानंतर सर येऊन उभे राहिले. "हे बघ, निवडीचे सामने जवळ आलेत. याचा खांदा तीन मिनिटांच्या थंडीशिवाय उतरायचा नाही, आणि हा आत टिकत नाही. असंच चाललं तर मी दुसऱ्याला उभा करीन. हा जाईल घरी, भावाच्या वखारीत लाकडं उचलायला."

डोंगर खाली मान घालून उभा. भाऊ म्हणजे त्याचा मोठा भाऊ. गोळा हातात धरला त्या दिवसापासून "लोखंड फेकून पोट भरतं का?" म्हणून हसणारा. सर गेले, तरी तो हलेना. हाताची बोटं उगाच मोडत राहिला. एवढ्या मोठ्या बोटांचा आवाज केवढा!

तिला काय वाटलं कोण जाणे. तिखट माणसाच्या आत एखादी जागा लोण्याची असतेच, आणि ती नेमकी नको तिथे उघडी पडते.

"तुम्हाला बोलायला भीती कसली वाटते?" तिने विचारलं.

"भीती नाही." तो अडखळला. "काय बोलायचं ते... बोलायच्या आधी तपासून बघतो मी. खरं आहे का, बरोबर आहे का, कोणी हसेल का. तोवर वेळ संपतो."

"मग तपासूच नका. खोटं बोला!"

"काय?"

"खोटं हो! त्यात तपासायचं काय? आतल्या तीन मिनिटांत फक्त खोटं बोलायचं. दार उघडलं की विसरून जायचं. आतलं मनावर घ्यायचं नाही. मीसुद्धा घेणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा... हलला. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी काचेमागून घोगरा आवाज आला, "मी... लहानपणी फार बारीक होतो."

"अस्सं? किती बारीक?"

"वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून आई मला दोरीवर चिमटे लावून ठेवायची."

तिने हसू दाबलं. "मग?"

"मग एकदा चिमटा निसटला. उडालो, तो शेजारच्या गावात जाऊन पडलो. तिथल्या लोकांनी मला परत फेकलं." आत त्याचे दात वाजत होते, तरी गडी थांबेना. "तेव्हापासून गोळाफेकीची आवड लागली."

ती फस्सकन हसली. माइकवरच. टॉवेलखोलीतूनही कोणीतरी हसलं. आईने नंतर तो खोकला होता असं सांगितलं.

आणि तीन मिनिटं झाली! दार उघडलं, धुक्यातून डोंगर आला, पापण्या पांढऱ्या, गाल लाल, आणि चेहऱ्यावर ते खुळं राजासारखं हसू. ते हसू बघून ही दार लावायचंच विसरली. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून असेल, असं तिने स्वतःला बजावलं. खाल्लं होतं, चांगलं पोटभर खाल्लं होतं.

मग रोजच खोटं. त्याने तिला सांगितलं की तो झोपेत शिवणकाम करतो. वाघाला त्याने सायकल शिकवली, पण उतरायचं शिकवायचं राहून गेलं. खांदा उतरत चालला, गोळा लांब पडायला लागला, सर शीळ घालत फिरायला लागले. आणि आईने एक दिवस, कोणी सांगितलं नसताना, दोन टॉवेल कडेला कडा लावून शिवले आणि कपाटात वेगळे ठेवले.

"हे कोणासाठी गं?" हुडहुडीने विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? जुने झालेत म्हणून शिवले." आई घडी घालता घालता थांबली. "आणि तू ऐकून ठेव. खेळाडू म्हणजे टॉवेल. आला, भिजला, सुकला, घडी घातली, गेला. त्यात जीव गुंतवायचा नसतो."

"माझा कशाला गुंततोय?"

"नाही ना? मग ते हातातलं आहे त्याची घडी घाल. मघापासून नुसती कुरवाळतेयस."

पण आईचं म्हणणं तिला रात्रभर टोचलं. निवड झाली नाही तर हा वखारीत जाणार. झाली तर संघाबरोबर दूर सरावाला जाणार. म्हणजे काहीही झालं तरी... जाणारच. देवा, हे गणित आधी का नाही केलं?

दुसऱ्या दिवशी ती जरा कोरडेपणानेच माइकवर बोलली. "हं. आज काय खोटं?"

आत तो फेऱ्या मारत होता. काचेसमोर येऊन थांबला.

"आज असं, की... तुमचा आवाज फार कर्कश आहे."

"बरं."

"आणि हसताना तुमच्या गालाला खळी पडते ना, ती काचेतून दिसतच नाही. मी तिकडे बघतही नाही."

काचेआड असली थंडी, आणि काचेबाहेर हिला दरदरून घाम. बोलायचं काम हिचं, आणि शब्द कुठे गेले?

"हुडहुडी?" आतून आवाज आला. "बोला की. नियम आहे ना?"

"ऐकतेय मी," ती कशीबशी म्हणाली. "आणि... मलाही तुमच्या बोलण्यात काडीचा रस नाही."

आत तो हसला. हसण्याची वाफ होऊन काचेवर पांढरं फूल उमटलं.

निवडीचे सामने दोन दिवसांचे. पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी, दुसऱ्या दिवशी शेवटची. मधल्या दुपारी थंडीची खोली, कारण फेकून आलेला खांदा त्याच दिवशी उतरवला नाही तर सकाळी हात वर होत नाही. त्या दुपारी हुडहुडीने डोकं धुतलं. आईने डोळे बारीक केले. "भर दुपारी? आज कोण येणारेय?"

"कोणी नाही. केस खराब झाले होते."

केस वाळायच्या आतच तो आला, म्हणून तिने तशीच ओलसर वेणी घातली आणि जागेवर बसली. तो मोजे चढवून आत गेला. दार लागलं.

"बोला," ती म्हणाली.

नाही. काही नाही.

"अहो, बोला. वाघ उतरला का सायकलवरून?"

काचेपलीकडे तो आज फेऱ्या मारत नव्हता. नुसता उभा होता. तिच्याकडे बघत. तोंड उघडलं... मिटलं.

"ऐकताय ना?" तिचा आवाज चढला. "डोंगर! खोटं बोला! काहीही बोला!"

काच गोठत चालली. त्याचा चेहरा पुसट झाला, मग दिसेनासाच झाला. तिने धाडकन दार उघडलं. बाहेरची उबदार हवा आत घुसली आणि आत असं दाट धुकं झालं, की स्वतःचा हात दिसेना. तो बाहेर येईना. पडला? बेशुद्ध? शेकडो जणांना ओल्या केसांवरून फैलावर घेणारी ही बया, डोक्यावर ओली वेणी घेऊन थेट त्या धुक्यात शिरली!

"कुठे आहात? अहो!"

"इथे. तुम्ही कुठे?"

"मी इथे!"

"इथे म्हणजे कुठे?"

एवढ्याशा कपाटात दोघं एकमेकांना शोधत गोल फिरत होते. शेवटी तिचा हात त्याच्या हातमोज्यात आला. मग त्याने काही विचारलं नाही. तिला उचललं आणि दाराबाहेर आणून बाकावर बसवलं.

ती कुडकुडत होती. ओठ निळे. वेणी मात्र... वेणी काठीसारखी ताठ झाली होती, टोकाला जरा वर उचललेली. त्याने टॉवेलांच्या कपाटातून आईचा तो जोडटॉवेल ओढला आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं.

"बोल," तो म्हणाला. "बोलत राहा. ए... बोल ना काहीतरी!"

तिने तोंड उघडलं. नुसते दात वाजले.

"बरं. मग मी बोलतो." तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला, तरी तिच्याएवढाच उंच. "मला काही झालं नव्हतं. आत खोटं बोलायचं असतं, आणि... आज मला खोटं येईना. किती शोधलं. जे ओठावर यायचं ते खरंच असायचं. म्हणून गप्प राहिलो."

"क... काय खरं?"

"हेच, की तिथे आत मला थंडी वाजतच नाही. तुझा आवाज थांबला, की वाजते."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते घाईने टॉवेलने टिपलं. "ओलं नको," तो कुजबुजला. "ओलं चावतं."

"बाहेर नाही चावत हो," ती म्हणाली, आणि हसली. वेणी वितळून टपकायला लागली होती.

"हे काय चाललंय?" दारात सर उभे. "तीन मिनिटं झाली?"

झाली नव्हती. निम्मीसुद्धा नाही. आणि एका दिवसात एकदाच आत जायचं, हा नियम सरांनाही मोडता येत नव्हता. ती टॉवेलातच उभी राहिली. "चूक माझी आहे सर. दार मी उघडलं."

सरांनी त्याच्या खांद्याला बोट लावून बघितलं, नुसता उसासा टाकला आणि गेले. ते तर रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ती आईबरोबर कठड्याला चिकटून उभी होती. गोळा पडतो तेव्हा जमीन कशी धप्पकन बोलते, हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांचे गोळे लांब पडत होते. त्याचा पहिला जवळ पडला. दुसऱ्यात पाय रेषेबाहेर गेला. खांदा जड होता, हे इथूनही दिसत होतं. हात वर नेताना त्याचा जबडा आवळत होता. आता शेवटची फेक. याच एका फेकीवर सगळं. संघ, नाहीतर वखार. आणि हे कोणामुळे? तिने उघडलेल्या दारामुळे.

तो वर्तुळात उभा राहिला. गोळा मानेशी धरला. आणि अडकला. तपासत होता! तोच जुना चेहरा. बरोबर आहे का, जमेल का, कोणी हसेल का...

हुडहुडीने कठड्यावर पाय दिला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाही जमायचं तुम्हाला! अजिबात नाही जमायचं!"

लोकांनी माना वळवल्या. आईने तिचा दंड धरला. "अगं, काय बोलतेयस!"

"जा घरी! मला तुमचा गोळा बघायचाच नाही! आणि तुम्ही... तुम्ही मला मुळीच आवडत नाही!"

"कोण ही बाई?" कोणीतरी चिडून म्हणालं. "पोराचा खेळ बिघडवतेय!"

पण वर्तुळातल्या डोंगराने मान वळवली. ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा. आणि तो हसला, खांदे हलेपर्यंत हसला. हसता हसता ते खांदे सैल झाले. मग तो वळला, फिरला, आणि त्याच्या घशातून एक हुंकार निघाला, आणि गोळा...

गोळा पडला तिथे जमीन सगळ्यात मोठ्याने बोलली. सर टोपी उडवून नाचायला लागले.

केंद्राच्या दाराशी संघाची गाडी उभी होती, इंजिन सुरू. तो पिशवी घेऊन तिच्यासमोर आला. खांद्यांनी पुन्हा सगळी चौकट भरून टाकली. जिथे पहिल्या दिवशी टाकी होती, तिथेच.

"तर," तो म्हणाला.

"तर," ती म्हणाली.

"सराव संपला की मी... इकडे फिरकणार नाही."

तिने ओठ घट्ट मिटले, पण खळी ऐकते थोडीच? "नकाच फिरकू."

"आणि तिकडच्या थंडीच्या खोलीत मला तुझी आठवण येणार नाही. एकदाही."

"मीही तुझी वाट बघणार नाही," ती म्हणाली. आपण त्याला 'तू' म्हटलं, हे तिला म्हणून झाल्यावर कळलं, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत नुसते उभे राहिले. गाडीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला तरी.

मागून चपलांचा आवाज आला. आई. हातात नीट इस्त्री केलेला तो जोडटॉवेल. तिने तो डोंगराच्या छातीवर असा ठेवला, की तो एक पाऊल मागे सरला.

"तीन आठवडे शेजारच्या खोलीत बसून ऐकतेय मी तुमची बडबड," ती म्हणाली. "आता माझंही ऐका. मला हा मुलगा मुळीच पसंत नाही. आणि हा टॉवेल परत करायला, आपल्या आईवडिलांना घेऊन, माझ्या घरी यायचं काही कारण नाही. कळलं?"

"कळलं," डोंगर म्हणाला. आणि या वेळी त्याने काहीच तपासून बघितलं नाही.